गेन जुन्निन

तोगावा हसला तेव्हा मिचिए चहात बिस्किट बुडवत होती. हसणं मोठं नव्हतं, नाकातून निसटलेला नुसता वारा. पलीकडच्या टेबलावरून तो म्हणाला, "कुरोमोतोसान, हे नाव बघा जरा. गेन जुन्निन. बाई आहे म्हणे! मला तर वाटलं, कुठल्यातरी देवळातला म्हातारा भिक्षू असणार." आणि त्याने ते नाव मंत्र म्हटल्यासारखं लांबवून पुन्हा म्हटलं, गेऽन जुन्निऽन. खिडकीजवळच्या दोघीजणी हसल्या. मिचिएही हसली. म्हणजे तिचं तोंड हसलं. अशा वेळी ते तिला विचारत नसे. मग तिने आपल्या पडद्यावर तीच यादी उघडली, आणि बिस्किट तुटून चहात पडलं. तीन अक्षरं होती. पहिलं काळ्या रंगाचं, दुसरं आज्ञाधारकपणाचं, तिसरं सोपवलेल्या कामाचं. ही तीन अक्षरं या क्रमाने तिने आजवर दोनच ठिकाणी पाहिली होती. आईच्या परदेशी नागरिकाच्या कार्डावर, आणि आईच्या कपाटातल्या एका रेकॉर्डच्या कव्हरवर. परदेशी नागरिक. ओसाकात जन्मली, ओसाकात म्हातारी झाली, आणि आईबाप कोरियातून आलेले म्हणून पाकिटात कार्ड परदेशी बाईचं. यादीत नावाखाली अल्बम होता, 'गावाची गाणी', साल १९७७. त्याच्याही खाली, उच्चाराच्या रकान्यात, ते देवळातलं नाव. तीच अक्षरं कोरियन पद्धतीने वाचली की ह्यॉन सूनिम. त्या बाईला त्या रकान्याने पार गिळून टाकलं होतं, आणि वर हसण्याची सोय करून ठेवली होती.

या रकान्यात मिचिएचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गाणी घरोघर पोचवणाऱ्या एका बड्या कंपनीसाठी हे छोटं ऑफिस नावं लावायचं काम करी. कुठली गायिका, कुठला अल्बम, आधीचा कोणता, नंतरचा कोणता, आणि मुख्य म्हणजे नाव वाचायचं कसं. जपानी अक्षरं डोळ्यांना एक सांगतात आणि जिभेला चार. म्हणून प्रत्येक नावाखाली उच्चार लिहायचा, आणि यादीतली जागा त्या उच्चारावर ठरायची. उच्चार चुकला की माणूस भलत्याच रांगेत जाऊन उभा राही आणि शोधणाऱ्याला सापडत नसे. असे हरवलेले किती लोक तिने शोधून जागेवर आणून ठेवले होते! खेड्यातल्या लोकगीतांचे गायक, शाळांचे वाद्यवृंद, आडनाव एका तऱ्हेने आणि नाव दुसऱ्याच तऱ्हेने वाचायचं असे बासरीवाले. त्या कामात तिला एक थंड सुख वाटे. आपण कोणाचे कोण हे कोणी विचारत नाही, आणि आपण मात्र प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारतो. आता मात्र तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पंधरवड्यापूर्वी याच खोलीत याच तोगावाने बैठक घेतली होती. सोलच्या कुठल्याशा पोरांच्या नव्या गटात एकाच्या नावातला एक स्वर चुकला होता, आणि चाहत्या मुलींनी तक्रारींचा पाऊस पाडला होता. तोगावा गंभीरपणे म्हणाला होता, "नाव म्हणजे माणसाची इज्जत असते. कोरियन नावांचा उच्चार कोरियनच हवा, यात तडजोड नाही." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. मिचिएनेही.

"हे वाचन चुकलंय," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"कुठलं? भिक्षूचं?" तोगावा अजून हसतच होता. "नाही हो, ते आपण घातलेलं नाही. रेकॉर्ड कंपनीकडूनच तसं आलंय. जुन्या कव्हरच्या मागे, कोपऱ्यात बारीक छापलंय म्हणे."

"मग कव्हर चुकीचं आहे. ह्यॉन सूनिम असं वाचायचं. ह-च्या रांगेत जायला हवं ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

खिडकीजवळच्या दोघींनी माना वर केल्या. एवढी वर्षं या प्रश्नासाठी मिचिएकडे निरनिराळी उत्तरं तयार होती. शेजारी एक कोरियन कुटुंब होतं, कॉलेजात एक मैत्रीण होती, कुठंतरी वाचलं होतं. त्यातलं एकही जिभेवर आलं नाही. "माझी आई आहे ती," ती म्हणाली.

खिडकीजवळच्या दोघींनी माना पुन्हा खाली घातल्या. मग तोगावाचा चेहरा लाल झाला, तो उठून उभा राहिला आणि कमरेत वाकला. "मला माफ करा, कुरोमोतोसान. मी फारच… खरंच माफ करा." चांगला मुलगा होता. हेच तर तिला सहन होत नव्हतं. त्याने उलट उत्तर दिलं असतं तर चहाचा कप फेकता आला असता. तो वाकला, सरळ झाला, आणि वातावरण हलकं करायला म्हणाला, "तुमच्या आई गायिका होत्या? केवढी मोठी गोष्ट! आणि म्हणजे तुम्ही… कमाल आहे, कधी बोलला नाहीत. माझी बायको कोरियन मालिका केवढ्या बघते! तिला सांगायलाच हवं." बायकोला सांगायलाच हवं. मिचिएने टेबलाची कड धरली. तिला वाटलं, आपण जणू इतकी वर्षं हरवलेली मांजर होतो आणि आज या माणसाला सापडलो. एवढं कमी होतं म्हणून की काय, त्याने पुढे होऊन तिच्या पडद्यावर आणखी एक नाव काढलं. "आणि या मिसाकी रान? रेकॉर्ड कंपनीने कळवलंय, ती हीच व्यक्ती. हिचे चार अल्बम आहेत. नियमाने दोन्ही नावं एकत्र करायला हवीत. जे नाव जास्त माहितीचं, त्याच्याखाली सगळं. म्हणजे गेन… म्हणजे आईंचा तो अल्बम मिसाकी रानमध्ये जाईल."

"जाणार नाही."

"पण व्यक्ती एकच असेल तर…"

"जाणार नाही म्हणाले ना!" तिने रकान्यातलं देवळातलं नाव पुसलं आणि ह्यॉन सूनिम लिहिलं. बटण इतक्या जोरात दाबलं की शेजारच्या टेबलावरची पेन्सिल हलली. ओळ पडद्यावरून नाहीशी झाली. जपानी वर्णमालेतही ग हा क-च्याच घरात राहतो. त्या घरातून निघून, मधली सगळी घरं ओलांडून, आई ह-मध्ये जाऊन उभी राहिली. तोगावा हळूच म्हणाला, "आईंना एकदा विचारून घेता का? हयात आहेत ना?"

"त्यात विचारायचं काय?" मिचिए म्हणाली. पण डोकं दुखतंय असं सांगून ती लवकर निघाली. विचारायला नव्हे, सांगायला. त्सुरुहाशी स्टेशनला उतरली तेव्हा मार्चमधला गार वारा सुटला होता, आणि कोरियन बाजाराच्या गल्लीत शाळकरी मुलींचे थवेच्या थवे भरले होते. चीज ताणत ताणत काठीवरचे वडे खात होत्या, सोलच्या पोरांचे फोटो छातीशी धरून किंचाळत होत्या. एकीने वाट अडवून विचारलं, "काकू, इथे खरं किमची कुठलं चांगलं?" मिचिए म्हणाली, "मला माहीत नाही, मी इथली नाही." आणि आपल्याच उत्तराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच गल्ली. इथून शाळेत जाताना बाहेरची पोरं नाकाला रुमाल लावायची. लसूण, लसूण, असं ओरडत पळायची. त्या पोरांच्याच या नाती असतील. आता त्या रांगा लावून लसूण खातात आणि घरी जाऊन दहा जणींना फोटो दाखवतात. चांगलंच आहे की, असं आई म्हणायची. दुकानं चालतात. आईला सगळं चांगलंच वाटायचं. मिचिए ढकलत, खांदे मारत पुढे निघाली, आणि एका मुलीचा वडा खाली पडला तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.

या गल्लीच्या मागच्या अंगाला पाण्याचा सामायिक नळ होता. आता तिथे सायकली लावतात. नळावरून आजी हाक मारायची, सूनिमाऽऽ! तिच्या गावच्या, कोरियातल्या जेजू बेटावरच्या बाया समुद्रात बुडी मारून वर आल्यावर दूरच्या होडीला हाक घालतात, तसा तिचा आवाज होता. गल्लीभर चपलांचे तळवे चिकटवणाऱ्या यंत्रांची खडखड चालायची आणि ती हाक त्या खडखडीच्या वरून जायची. आई असेल तिथून धावत यायची. आई दुसऱ्या कोणासाठी धावल्याचं मिचिएला आठवत नव्हतं. संध्याकाळी तीच आई आरशासमोर बसून मिसाकी रान व्हायची. भुवया काढायची, केसांचा डोंगर रचायची, हिरव्या कपड्याची मागची चेन लावायला मिचिएला हाक मारायची. चेन कमरेशी अडायची, आईच्या पाठीला पावडरचा आणि घामाचा वास यायचा. मग खाली गाडी वाजायची आणि मिसाकी रान नाम्बातल्या कुठल्यातरी क्लबमध्ये बंदरांची, पावसाची, सोडून गेलेल्या पुरुषांची जपानी गाणी म्हणायला जायची. शाळेत ती कुरोमोतोसानची आई होती. बाजारात लाडाने रान-चान. कागदावर परदेशी. आणि सूनिम फक्त नळावर. मिचिएने लहानपणी हा हिशेब कधी मांडला नव्हता, पण तिच्या अंगात तो रुजला होता. मोठी झाली तशी ती त्यावर चिडत गेली, न बोलता, आतल्या आत. कॉलेजात इतर मुलंमुली जपानी नावं टाकून उघड आपली कोरियन नावं लावू लागली, सभा घेऊ लागली, परदेशी म्हणून सरकारला द्यावे लागणारे बोटांचे ठसे द्यायला नकार देऊ लागली. ती मागच्या बाकावर बसून ऐकायची आणि घरी येऊन पुन्हा त्या जपानी आडनावाची कुरोमोतो असायची. आईसाठी, असं ती स्वतःला सांगायची. आईला त्रास नको. आईचं नाव चिरडलं गेलंय, त्याचा सूड कधीतरी घ्यायचा. कोणावर, ते ठरलेलं नव्हतं. आज दुपारी ठरलं होतं. आज तिने एका बटणाने तो घेतला होता.

आई चपलांच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एकटी राहत होती. ऐंशीला आली होती, गुडघे गेले होते, आवाज गेला नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत टीव्हीवर सुमो चालू होतं. स्पर्धा ओसाकात असली की आईला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नसे.

"चपला नीट ठेव," आई मान न वळवता म्हणाली. "इतक्या लवकर? कामावरून काढलं का?"

"नाही. तुला एक दाखवायचंय."

"ही कुस्ती होऊ दे. हा नवा पोरगा आहे, पोट बघ केवढं. पण पाय हलके आहेत."

दोन डोंगर एकमेकांवर आपटले, एक रिंगणाबाहेर गेला, आई हाताने मांडी ठोकत हसली. मग तिने चष्मा वर केला आणि मिचिएने पुढे धरलेला फोन हातात घेतला. पडद्यावर रेकॉर्डच्या कव्हरचा छोटा फोटो होता. पांढऱ्या कपड्यातली आई, केस साधे, मागे निळा कागद. आईने फोटोकडे बराच वेळ पाहिलं. "हे कुठून आलं?"

"आता कोणालाही ऐकता येतं. जगात कुठेही. आणि हे बघ." मिचिएने नावाखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "ह्यॉन सूनिम. त्यांनी भलतंच लिहिलं होतं. गेन जुन्निन! सगळे हसत होते. मी बदललं. सगळ्यांसमोर सांगितलं, माझी आई आहे म्हणून." हे शेवटचं वाक्य तिने जपून ठेवलं होतं.

आईने फोन खाली ठेवला. "परत होतं तसं कर."

"काय?"

"होतं तसं कर म्हणते. तुला कोणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

"आई, ते चुकीचं होतं! त्या कंपनीवाल्यांना वाचता आलं नाही, म्हणून त्यांनी…"

"त्यांना काय करायचंय वाचून? मी सांगितलं त्यांना." आईने टीव्हीचा आवाज कमी केला. हे ती कधी करत नसे. "रेकॉर्डिंगच्या वेळी काचेच्या आड एक माणूस बसला होता. सभ्य होता. पेन्सिल घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, बाई, नावाचा उच्चार कसा करायचा? कोरियन पद्धतीने लिहू का? त्याला चांगलं वागायचं होतं. घाम आला होता बिचाऱ्याला. मी म्हटलं, गेन जुन्निन लिहा."

"घाबरलीस म्हणून."

"कोणाला घाबरू? मी?" आई तिच्याकडे बघून हसली, आणि त्या हसण्यात इतका तिरस्कार होता की मिचिए मागे सरकली. "पंधरा वर्षं मी पुरुषांच्या टेबलांमध्ये उभी राहून गायले. तोंडात दारू आणि शेंगदाणे भरलेले असायचे आणि ओरडायचे, रान-चान, इकडे बस. रान-चान, एक घोट घे. घ्या म्हटलं, रान तुमचीच आहे. ती त्यासाठीच केलेली होती. आणि मग त्याच तोंडात मी सूनिम घालू? रेकॉर्ड वाजली की तेच लोक ती टेबलावर घेऊन येणार, आणि म्हणणार, सूनिम-चान, इकडे बस. नाही. त्या नावाने मला हाक मारणारं एकच माणूस होतं. ती गेली. आता कोणी नाही."

"मग ती अक्षरं तरी कशाला लावलीस? मिसाकी रान लावायचं होतं की!"

"आजीसाठी. तिला वाचता येत होतं का? पण ती तीन अक्षरं ती ओळखायची. कव्हरवर बोट फिरवत बसायची दिवसभर. अक्षरं तिची. उच्चार बाकीच्यांचा. गेन कोण? कोणीच नाही. हसा गेनला. शिव्या द्या. मला काय त्याचं?"

मिचिए उभी राहिली. बसून राहणं तिला शक्य नव्हतं. खोली एवढीशी, दोन पावलांवर भिंत, आणि भिंतीवर कुठल्याशा पैलवानाच्या हाताचा लाल ठसा फ्रेम करून लावलेला. तिला वाटलं, कोणीतरी तिचं घर उचलून नेलंय आणि ती रिकाम्या जागेवर किल्ली घेऊन उभी आहे. "म्हणजे मी आयुष्यभर," ती म्हणाली, "तुझ्यासाठी चिडत राहिले. तुझं नाव त्यांनी खाल्लं म्हणून. मी लग्न केलं नाही, मी कोणाला घरी आणलं नाही, मी त्या ऑफिसात…"

"मी सांगितलं होतं, चीड म्हणून?"

"नाही! तू काहीच सांगितलं नाहीस! एक शब्द शिकवला नाहीस. ती रेकॉर्ड तू नसताना मी लावायची. एक ओळ कळायची नाही मला. माझी आई काय गातेय हे मला कळायचं नाही!"

"जेजूची बोली आहे. सोलच्या माणसालाही कळत नाही. त्यात काय रडण्यासारखं?"

"आणि माझं नाव?" हे आपण विचारणार आहोत हे मिचिएला विचारेपर्यंत माहीत नव्हतं. "मिचिएची अक्षरं कोरियन पद्धतीने वाचली तर दोह्ये होतं. मी कॉलेजच्या लायब्ररीत शब्दकोश बघून काढलं, चोरासारखं. तू एकदाही त्या नावाने हाक मारली नाहीस मला. एकदाही."

"नाही मारली."

"का?"

आई टीव्हीकडे बघत होती. आवाजाशिवाय एक पैलवान मूठभर मीठ उधळत होता. "दोन नावं असली की एक लपवावं लागतं," ती म्हणाली. "तुला लपवायला काही ठेवलं नाही मी. जे आहे ते सगळं बाहेर. मोकळी."

मोकळी! मिचिएला ओरडावंसं वाटलं, मोकळी नव्हे, पोकळ. जे जगाने दिलं होतं तेच तू मला दिलंस, आणि जे तुझं होतं ते मुठीत घट्ट धरून बसलीस. आजीला दिलंस. मेलेल्या आजीला. मला त्या तोंडात शेंगदाणे भरलेल्या पुरुषांच्या रांगेत उभं केलंस, बाहेरच्यांच्या. पण यातलं काही ओठांतून फुटलं नाही, कारण आईने गुडघ्यावर हात टेकत उठून गॅसवर तवा ठेवला होता. पाठमोरी ती म्हणाली, "कांद्याच्या पातीचं धिरडं करते. जेवून जा."

"नको मला."

"मग नको खाऊस. पण ते उद्या बदल." आणि मग पीठ ढवळता ढवळता, जरा हळू आवाजात, "आणि त्या रानच्या गाण्यांत मिसळू नका ते. त्या बाईचा याच्याशी संबंध नाही."

मिचिएने दार आपटलं. जिन्यात अंधार होता आणि वरून तीळतेलाचा वास तिच्या मागोमाग आला. ती मधल्या पायरीवर बसली आणि तिने आपल्याच गुडघ्यावर मूठ मारली, पुन्हा मारली. आईचा राग येत होता, तोगावाचा येत होता, पेन्सिल घेऊन घाम पुसणाऱ्या त्या सभ्य माणसाचा येत होता. त्याने बिचाऱ्याने विचारलं तरी होतं. सगळ्यात जास्त राग याचा होता की रागाला आता जायला जागाच उरली नव्हती. इतकी वर्षं तो एका दिशेने वाहत आला होता. आज कळलं, पुढे समुद्र नाहीच, बांध आहे, आणि तो आईने स्वतःच्या हाताने घातलाय.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात जाऊन ह्यॉन सूनिम पुसलं. गेन जुन्निन लिहिताना तिची बोटं थांबली नाहीत. दात मात्र घट्ट आवळलेले होते. ओळ ह-मधून उठली आणि क-च्या घरात परत गेली. तोगावा तिच्या मागे येऊन उभा राहिला. "आईंनीच सांगितलं का?"

"हो."

"पण मग… बैठकीत आपण ठरवलं होतं, कोरियन नावं…"

"त्यांनीच सांगितलं म्हणते ना. आणि मिसाकी रानशी जोडायचं नाही."

"कुरोमोतोसान, तो नियमच आहे. व्यक्ती एकच आहे."

"एक नाही," मिचिए म्हणाली. ती खुर्चीतून उठली आणि त्याच्या अगदी समोर उभी राहिली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता, तरी मागे सरकला. "दोन वेगळ्या बायका आहेत. मी दोघींना ओळखते. दोघींच्या घरात राहिलेय. तुम्हाला वर काय कळवायचं ते कळवा, पण मी असेपर्यंत ही नावं एकाखाली जाणार नाहीत." तोगावाने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या कागदाकडे, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्यानंतर त्याने तिच्यासमोर बायकोच्या मालिकांचा विषय कधी काढला नाही. तो जरा जपूनच बोलू लागला, आजारी माणसाशी बोलतात तसा. तिला त्याचाही राग यायचा.

आईकडे ती दर रविवारी जात राहिली. त्या दिवसाबद्दल दोघींपैकी कोणी बोललं नाही. ती भांडी घासायची, आई हात पुसत टीव्ही लावायची. एकदा भांडी घासताना मिचिएने फोनवर तो अल्बम लावला, मुद्दाम, खोडी काढल्यासारखा. आईने बंद कर म्हटलं नाही. ती खिडकीशी बसून पायांना मलम चोळत राहिली. एका गाण्याच्या मध्ये एकदम म्हणाली, "इथे श्वास चुकलाय." बस, एवढंच. मिचिए विचारू शकली असती, हे गाणं काय म्हणतं? तिने नळ जोरात सोडला आणि विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का, याची तिला खात्री नव्हती. आणि ते सांगितलं असतं तर मग कशाच्या आधाराने चिडायचं, याचीही नव्हती.

पावसाळा सरत आला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या तक्रारींमध्ये पडद्यावर एक पत्र आलं. नागोयाहून कोणी ओ सॉन्ग्यू, विद्यार्थी. 'गावाची गाणी' त्याला अचानक सापडला होता. त्याची आजी जेजूची. ती ऐकून रडली, आणि कित्येक वर्षांनी त्याच्याशी आपल्या बोलीत बोलली. त्याबद्दल आभार. पण, आणि इथून अक्षरं जणू दात खाऊ लागली होती, गायिकेचं नाव तुम्ही गेन जुन्निन कसं काय लावलं आहे? सोलच्या ताऱ्यांची नावं तुम्ही बिनचूक लावता, कारण ती विकली जातात. आमच्या आज्यांची नावं मात्र तुम्ही वाटेल तशी वाचता. माझ्या आजोबांना मरेपर्यंत जपानी वाचनाने 'गो' म्हणत असत; त्यांचं नाव ओ होतं. या बाईंचं नाव ह्यॉन सूनिम आहे. ते त्यांना परत द्या. मिचिएने ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. एकही शब्द असा नव्हता जो तिचा नव्हता. तिला त्या पोराला मिठी मारावीशी वाटली आणि थोबाडीत द्यावीशी वाटली. मग तिने कामाच्या भाषेत उत्तर लिहिलं. आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. तपासून पाहिलं. वाचन बरोबर आहे. खाली नेहमीप्रमाणे, उत्तर देणाऱ्याचं नाव, कुरोमोतो.

त्याचं उत्तर तासाभरात आलं. बरोबर? कोणी ठरवलं?

गायिकेने स्वतः, तिने लिहिलं.

या वेळी उत्तर यायला वेळ लागला. सगळे जेवायला गेले होते, ऑफिसात एकटी तीच होती. पत्र उघडलं तर दोनच वाक्यं होती. हे खोटं आहे, कोणी आपलं नाव असं देऊन टाकत नाही. पण तुमच्यासारख्यांना यातलं काय कळणार, कुरोमोतोसान?

मिचिएने वाचलं. तिची बोटं आपोआप धावू लागली. तुझ्यापेक्षा दुप्पट वर्षं मी या नावासाठी जळतेय, पोरा. ती माझी आई आहे. तिच्या पाठीवरची चेन मी लावलीय. नळावरून तिला मारलेली हाक मी या कानांनी ऐकलीय, तू कधी ऐकणार नाहीस. तिने देऊन टाकलेलं नाही, तिने ठेवून घेतलंय. आणि माझं नाव कुरोमोतो नाही. माझं नाव… इथे कर्सर लुकलुकत राहिला. त्या नावाला फक्त दोन अक्षरं होती. ती टाकली असती तर नागोयातला तो पोरगा शरमेने वितळला असता, उलट टपाली माफी मागितली असती, तिला दोह्येसान म्हटलं असतं. आदराने, प्रेमाने म्हटलं असतं. त्या नावाने हाक मारणारा जगातला पहिला माणूस. तिने डोळे मिटून ती हाक कानात ऐकून पाहिली, आणि तिच्या अंगावर शहारा आला, परक्याचा हात मानेला लागावा तसा. जिच्या तोंडून ते नाव यायला हवं होतं तिने ते घेतलं नव्हतं. म्हणून ते वाटेत भेटेल त्याला द्यायचं? तिने लिहिलेलं सगळं खोडलं, एकेक अक्षर, बटण ठोकत ठोकत. तिला राग आला होता, या परक्या पोराचा, कारण त्याचं बरोबर होतं. आणि आपल्या म्हाताऱ्या आईचा, कारण तिचंही बरोबर होतं. मग तिने सरळ बसून लिहिलं:

वाचन बरोबर आहे. आपल्या आजींना माझा नमस्कार सांगा.

आणि खाली, एवढी वर्षं लिहीत आली तसंच, पण या वेळी दार आतून लावून घ्यावं तसं, कुरोमोतो.